घळीतल्या खुणा

ताम्हिणीखालच्या नदीच्या घळीत येसाजीने उभी हयात शेरडं राखली. पावसाळ्याच्या पुरात वाटेवरच्या खुणा वाहून जात. पाणी उतरलं की आधी येसाजी घळीत शिरायचा आणि वळणावळणावर चपटे दगड रचत जायचा. बाकीचे त्या दगडांवरून चालत. या वर्षी तो तापाने पडला आणि चुलतभाऊ कोंडिबा आधी उतरला. एकटीदुकटी भटकायला येणारी शहरातली माणसंही आता फोनवर कोंडिबालाच वाट विचारत.

चहाच्या टपरीवर गावातला दयानंद सगळ्यांदेखत म्हणाला, "येसाजी, आता कोंडिबाचे दगड बघून चाल. चुकायचा न्हाईस!"

येसाजीही हसला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मात्र तो शेरडं न घेता एकटाच घळीत उतरला.

खुणा अचूक होत्या. तेच त्याला सोसेना. तो जिथे तीन दगड ठेवायचा तिथे तीनच होते. कोंडिबाला शिकवलं होतं त्यानेच. एखादी जरी चुकली असती, तरी तो मुकाट्याने माघारी गेला असता. पहिली खूण त्याने काठीने पाडली. मग दुसरी. दुपारपर्यंत घळ कुणाचीच उरली नाही.

परत चढताना, नदीला दोन फाटे फुटतात तिथे, त्याला पाठीवर पिशवी घेतलेली एक शहरी मुलगी दिसली. ती चुकीच्या फाट्यात शिरत होती.

"पोरी, तिकडं नगं! फुडं कडा हाय."

ती दचकून मागे सरली. "कोंडिबाकाका म्हणाले होते खुणा दिसतील. इथे तर एकही नाही."

"चल माझ्यामागं. दावतो."

"नको. त्यांनी बजावलंय, दुसऱ्या कुणामागे जायचं नाही. 'मी खालीच शेरडं राखतोय,' म्हणाले." ती पुन्हा त्याच फाट्याकडे वळली. मग थबकली. "आम्ही फोनवरच बोललोय. तुम्हीच का ते?"

येसाजीच्या जिभेवर आलं होतं, अगं, त्याला हितं चालायला मी शिकवलं. पण तिचा एक पाय फाट्यातल्या ओल्या कातळावर होता.

"व्हय," तो म्हणाला. "मीच कोंडिबा."

तिचा चेहरा मोकळा झाला. ती निमूट मागून येऊ लागली.

"कोंडिबाकाका, जरा हळू!"

येसाजीने पावलं आवरली. पुन्हा हाक आली तेव्हा तो लगेच वळला, आणि त्या लगेच वळण्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.