सोळा ओहमचा बॉक्स

बायको जाऊन वर्ष होत आलं. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत माझं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहायची सवय नाही. पण स्पीकरच्या एका बॉक्सचं मनातून जात नाही, ते लिहून टाकतो.

लोकांना वाटायचं ती माझा डबा घेऊन येते आणि बसून राहते. खरं सांगायचं तर बॉक्सची वायरिंग कित्येक वर्षं तीच करायची. माझा हात थरथरतो. लाल-हिरव्यातला फरकही मला धड कळत नाही. दोन स्पीकरच्या बॉक्समध्ये एक उलटा जोडला गेला की दोघं एकमेकांचा आवाज खातात. असे दोन बॉक्स माझ्या हातून गेले, तेव्हा तिनं रीत काढली. प्लसच्या वायरीला शिवणाच्या दोऱ्याची गाठ. बोटाला गाठ लागली की समजायचं प्लस.

कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला असलेला एक माणूस आहे, चाळिशीचा. लग्नाच्या, जयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याचा बॉक्स तिनं शेवटच्या हिवाळ्यात केला. डायलिसिस चालू होतं, पाय सुजलेले. मी म्हटलं राहू दे, मी करतो. ती म्हणाली, "तुमी केला तर त्याले दोनदा यावं लागन. द्या इकडे." त्यानंतर तिनं काम केलं नाही. तो बॉक्स शेवटचा.

तेव्हा त्याचा ॲम्प्लिफायर जुना, वॉल्व्हचा होता. मागे सोळा ओहम लिहिलेलं. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक ओवले की सोळा होतात. तेच प्लसला प्लस, मायनसला मायनस बांधले की चार. ॲम्प्लिफायर जेवढं मागतो तेवढं द्यायचं, या धंद्यात याहून मोठी अक्कल नाही. तिनं सोळाचा करून दिला होता.

दोन महिन्यांपूर्वी तो तोच बॉक्स ऑटोत घालून आला. वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जळाला होता, नवा घेतला होता, त्याच्या मागे चार ओहम. बॉक्स चारचा करून द्या म्हणाला. पंधरा मिनिटांचं काम. तो चहाला गेला आणि मी मागची फळी उघडली.

आत तिचे सोल्डरचे टाके होते. ज्वारीच्या दाण्याएवढे, चकचकीत. वायर आधी दोन वेढे देऊन मग डाग दिलेला. दोऱ्याच्या गाठी तशाच. चारचा करायचा तर हे सगळे तोडावे लागणार होते. मग फळी परत लावली आणि तो आल्यावर सांगितलं की आहे तसाच चालतो, हात लावायची गरज नाही.

चालतो हे खोटं नव्हतं. त्यानं जळत काही नाही. पण चारच्या मशीनला सोळाचा बॉक्स लावला तर मशीनचा दम पाव भागच बाहेर येतो. हे मी त्याला सांगितलं नाही. तीस वर्षांत गिऱ्हाईकाला असं फसवलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो परत आला, बॉक्स घेऊन. कॉलनीतल्या कार्यक्रमात त्याची गिटार कोणालाच ऐकू आली नाही. ढोलकीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, काहून गा, वाजवून राहिला का नुसती गळ्यात अडकवली. त्यानं हसण्यावारी नेलं, पण त्याच्या मनाला लागलं होतं. बोटांतच जोर राहिला नाही, आता सोडून देतो म्हणाला. बॉक्स विकायला आणला होता.

मला लाज वाटली. म्हटलं, बोटं तुझी ठीक आहेत. खोट मी केली. मग काय झालं ते सांगितलं.

तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं बॉक्स माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "राहू द्या काकाजी. हा तुमच्यापाशीच ठेवा. मी दुसरा पाहतो."

मला हो म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्यात तिनं गाण्यासाठी जोडलेले स्पीकर होते, आणि माझ्या दुकानात ते मुके पडून राहिले असते. मी म्हटलं, "नाही गा. बस तू."

सोल्डर गन तापली. तिचा टाका कोणाच्याही टाक्यासारखाच वितळला, चटकन. तीन सुटले. चौथा वेढ्यांमुळे सुटेना, तो कापावा लागला. मग गाठीच्या वायरी एकीकडे, बिनगाठीच्या एकीकडे करून मी बांधल्या. हात थरथरत होता. तो म्हणाला मी धरू का. मी नको म्हटलं. मीटर लावला, तिनाच्या थोडा वर काटा. चार ओहमच्या बॉक्सला तेवढाच दिसतो.

त्यानं दुकानातच वाजवून पाहिलं. समोरचा कापडवाला बाहेर येऊन उभा राहिला एवढा आवाज. गिटारवाला हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. मी म्हटलं वाजव.

माझे टाके जाडे आले होते, बोराएवढे. तिनं पाहिले असते तर पुन्हा करायला लावले असते. आता लावणारं कोणी नव्हतं. मी फळी लावली आणि स्क्रू आवळले.