मंगलाबाईंच्या मीटरचा लाल दिवा

लिंबायतमधल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली सगळ्यांचे वीजमीटर ओळीनं लावलेत. प्रत्येकावर एक लाल दिवा लुकलुकतो. घरात वीज जास्त ओढली की भराभर, कमी ओढली की निवांत. आम्ही जाता-येता तिकडे बघतही नाही. मंगलाबाई मात्र देवळात थांबावं तशा तिथं थांबतात, आणि स्वतःच्यापेक्षा शेजारच्या मीटरपुढे जास्त.

शेजारचा मीटर सरलाबाईचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेचा. दोघी नंदुरबारकडच्या, दोघींचे नवरे कापडाच्या एकाच लूम कारखान्यात, दारं समोरासमोर. जावेकडे टीव्ही आला तेव्हा यांनी त्याहून हातभर मोठा आणला. मग होम थिएटर, मायक्रोवेव्ह, गार-गरम पाण्याचं यंत्र. वस्तू आणायची, सगळ्यांना दाखवायची आणि वर भरतकामाचं झाकण घालायचं. वापरतंय कोण!

खरं दुखणं निराळंच होतं. मंगलाबाईंचा मुलगा कुंदन हजिऱ्याला नोकरीला. सुट्टीला आला की पिशवी आईच्या घरात टाकायचा आणि जेवायला काकूकडे जायचा. सरलाबाईला मूल नाही, त्यामुळे मंगलाबाईंना तोंड उघडून काही बोलताही येईना. आतल्या आत जळायच्या नुसत्या.

एका दुपारी त्या घराला कुलूप लावून खाली आल्या आणि थबकल्या. घरात कुणी नाही, दिवे-पंखे बंद, तरी त्यांच्या मीटरचा दिवा फडफडत होता. सरलाबाई वर घरात बसून साड्यांना टिकल्या लावत होती, आणि तिचा दिवा पेंगत होता. मंगलाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण भलत्याच खोलीत.

"मना मीटरवरथून तार खेची शे तिनी!" जावेवर वीजचोरीचा आळ घेत त्यांनी जिन्यातच आवाज चढवला. सगळी दारं उघडली. "औंदा रोट येगळा!"

 श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू घेऊन एकत्र दळतात, त्याच पिठाचे रोट सगळे मिळून खातात. रोट वेगळा म्हणजे घर तुटलं. सरलाबाईचा चेहरा पडला. एवढंच म्हणाली, "कुंदनना नावना गहू तरी मना हाते पडू द्या."

या वाक्यानं मंगलाबाई आणखीच भडकल्या.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई नवऱ्याला घेऊन चलथाणला भावाकडे गेली. जाताना किल्ली नेहमीसारखी जावेच्या खुंटीला अडकवून गेली. भांडण असो, नसो, किल्ली थोरलीकडेच ठेवायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. मंगलाबाईंनी लगेच कुलूप उघडलं. आत फ्रिज सोडला तर भिंतीवरचं एकूण एक बटण बंद. टीव्हीचा प्लगसुद्धा काढून ठेवलेला. "चिंगूस!" असं म्हणून त्यांनी मेन स्विच खाली पाडला आणि चोरी पकडायला जिना धडाधडा उतरल्या.

समोरच्या घराची वीज तोडूनही त्यांचा दिवा तसाच फडफडत होता.

मी दुधाची पिशवी घेऊन तिथंच उभी होते. बाईंचं तोंड बघवेना. त्या वर गेल्या आणि घरभर शोध सुरू झाला. झाकणाखाली टीव्हीचा ठिपका जळत होता. होम थिएटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, मोबाइल नसलेले चार्जर, कुणी न पिणारं पाणी तापवत बसलेलं ते यंत्र! जावेच्या नाकावर टिच्चून आणलेली एकेक वस्तू रिकामी बसून वीज खात होती. एकेक प्लग उपसायचा, खाली धावायचं, दिवा बघायचा. शेवटी दिवा सरलाबाईच्या दिव्यासारखा पेंगायला लागला. त्या गडबडीत समोरच्या घराचा मेन स्विच खालीच राहिला.

सरलाबाई दोन दिवसांनी परतली. थोड्या वेळानं मंगलाबाईंच्या दारात आली तेव्हा हातात फ्रिजमधला डबा होता. झाकण उघडताच आंबूस वास आला.

"मेन कोनी बंद कया?"

"मीच," मंगलाबाई म्हणाल्या. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"कुंदनकरता ठेयेल व्हता रस," सरलाबाई म्हणाली. "उन्हाळ्यात त्याले सुट्टी भेटनी नही ना."

मंगलाबाईंनी डबा हातात घेतला. पोराला उन्हाळ्यात आमरस मिळाला नाही, हे आई असून त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एवढा अपराध हातात धरून उभ्या असतानाही त्यांना वाटला तो हेवाच, आणि आजवरच्या कुठल्याही टीव्ही-साडीपेक्षा जास्त.

त्या आत गेल्या. वेगळ्या रोटासाठी निवडून ठेवलेल्या गव्हातून त्यांनी कुंदनच्या नावाची मूठ भरली आणि जावेपुढे धरली.

"तू टाक," त्या म्हणाल्या. मूठ मात्र पटकन उघडेना.