‘वाचून सांगा’ म्हटल्यावर

कथा मी वर्षाला एखादी लिहितो. पण ती कुणाला वाचायला दिल्यावर जे घडतं, त्याचे किस्से महिन्याला दोन! कथा कपाटात मावतात, हे मावत नाहीत. रहिमतपूरच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवतो आणि हौस म्हणून लिहितो. वीस वर्षं झाली. छापून यावं, बक्षीस मिळावं असलं आता काही वाटत नाही. दमलो. एकानं तरी शेवटपर्यंत वाचून खरं काय ते सांगावं, एवढंच उरलंय. तेही होणार नसेल तर बंद करावं म्हणतो.

*

मला शांततेत लिहिता येत नाही. घरात सामसूम झाली की झोप येते. म्हणून शाळा सुटल्यावर बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसतो. हातात पेन्सिल आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची कोरी बाजू. पेनानं लिहिलेलं खोडायचा धीर होत नाही.

एकदा एक आजोबा शेजारी येऊन बसले. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सायेब, आमच्या गावची पाचची गाडी सातला येती. त्ये बी लिवा."

"आजोबा, मी एस.टी.चा साहेब नाही."

"आसूं द्या. लिवा तुमी!"

समजावण्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. लिहिलं. आठवड्यानं त्यांनी लांबूनच हात जोडले. "गाडी टायमात याया लागली, सायेब!" माझ्या लेखनाचा समाजावर झालेला परिणाम तो एवढाच.

*

स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा अख्खी कथा टाकली. पहिलं वाक्य होतं, "अण्णा पहाटे गेले." चूक माझीच. माझ्या वडिलांनाही सगळे अण्णाच म्हणतात. पाच मिनिटांत अकरा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! दुसऱ्या वाक्यापर्यंत कुणी गेलंच नाही. पाठोपाठ हेडसरांचा फोन, "दोन दिवस येऊ नका. तुमचे तास बघतो आम्ही."

संध्याकाळी चौघं सहकारी घरी आले. दार वडिलांनीच उघडलं. चौघंही उंबऱ्यातच थिजले. त्यांचे चेहरे बघून वडील घाबरून म्हणाले, "आवं, कोण गेलं?"

रजा मात्र मी दोन्ही दिवस घेतली.

*

आमचे पी.टी.चे सर फौजेतून रिटायर झालेले. कथा परत देताना म्हणाले, "पान तीन. सुभेदार उघड्या डोक्यानं सॅल्यूट मारतोय. डोक्यावर टोपी न्हाई तर सॅल्यूट न्हाई."

मला भरून आलं. कुणीतरी पान तीनपर्यंत पोचलं होतं! मी विचारलं, "आणि बाकीची कथा?"

"बाकीची कशाला वाचू? तितंच थांबलो."

*

बायकोनं माझी एकच कथा वाचली. "ह्यातली भांडकुदळ बाई म्हंजे मी न्हवं ना?"

"नाही गं."

"मग कोण हाय?"

तेव्हापासून माझ्या कथांत विधुर फार.

*

बिरू आमच्या शाळेतला शिपाई. जतकडचा, मेंढपाळ घरातला. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यानं माझी एक कथा मागून नेली, मेंढीची आहे म्हणून. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, ही शेवटची. कथेत कोवळा ओला चारा खाऊन मेंढीचं पोट फुगतं, मालक डोक्याला हात लावून बसतो आणि मेंढी मरते.

सुट्टी संपली तसा बिरू आला तो आईला घेऊन, गाडीतून उतरून थेट माझ्या दारात. म्हातारीची पिशवी अजून काखेतच. बिरू मान खाली घालून म्हणाला, "म्या हिला वाचून दाखिवली, सर. तवापास्नं माजं डोकं खातीया."

म्हातारी उभ्या उभ्याच बोलली. "मास्तर, फुगल्याली मेंढी आशी मरू देत्यात व्हय? गोडंतेल पाजायचं. डावी कूस चोळायची. त्यो बाबा नुसता बसला कसा?"

"मावशी, ती गोष्ट आहे."

"म्हाईत हाय मला. बदला. मी बसते हितं."

आणि बसली की सोप्यात! बायकोनं चहा आणला. मी कागद घेतला, शेवट खोडला. मालकाला उठवलं, तेल पाजायला लावलं, कूस चोळायला लावली. अर्ध्या तासानं मेंढी पायावर उभी राहिली. वाचून दाखवलं. म्हातारीनं डोळे मिटून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, कपबशी खाली ठेवली आणि उठली.

"पयलं हुतं त्येच खरं हाय, मास्तर," ती म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या आता."