दिवस कलला की पाणी बंद

हे अजून कोणाच्या कानावर गेलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलीच्या नाही, नागपूरच्या भावाच्या तर नाहीच. वाईट वाटतं म्हणून सांगते आहे असं समजू नका. मला राग येतो. सकाळी पाण्याचा पहिला पेला तोंडाला लावला की येतो — आणि दिवसभर उतरत नाही.

परवा गणपतीत आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एका बाईंचं भाषण — आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांसाठी झटल्या, स्वतःच्या आईचंही सगळं केलं, अशा लेकी आता कुठे राहिल्या? टाळ्या पडल्या. मी हात जोडले. तो नारळ त्या बाईंच्या डोक्यात घालावा असं वाटत होतं. पण त्यांचा काय दोष? त्यांना हे कोणी सांगितलं? मीच ना? इतकी वर्षं मीच सांगत आले.

तर ऐका, काय झटले ते.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि भराभर कचेऱ्या उघडल्या. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघायचं होतं. अशाच एका कचेरीत माझी बदली झाली. काम असं, की पैसे घेऊन म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्था पाहायच्या आणि तिथली देखभाल कशी आहे ते ठरवायचं. बरी असली तर संस्था चालू, नसली तर बंद. आम्ही तिघं जायचो. डॉक्टरसाहेब औषधं बघायचे, इंजिनियर जिने आणि संडास बघायचा. माणसांशी बोलायचं काम माझं.

तपासणी कशी होते माहीत आहे? आधी फोन जातो. चोरून नाही — आमच्याच कचेरीतून जातो, रीतसर. न कळवता जाणं म्हणजे उद्धटपणा. मग तिथे फिनेल ओततात, पेटीतल्या चादरी बाहेर काढतात. चादरीवर घडीच्या रेघा तशाच असतात. आम्हाला त्या दिसतात. दिसतात — एवढं लक्षात ठेवा. मग आम्हाला खुर्च्या, ट्रेमधून गार पाणी, गरम समोसे. आणि मग संचालिका शेजारी उभी असताना मी विचारायचं, सब ठीक है अम्मा? अम्मा म्हणणार, सब ठीक है मैडम. दुसरं काय म्हणेल बिचारी? आम्ही गाडीत बसून जाणार, ती तिथेच राहणार.

याला आम्ही मूल्यमापन म्हणायचो. आणि मला ते चांगलं जमायचं.

आता आईचं सांगते — टाळून टाळून किती टाळणार?

वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर आई चौबे कॉलनीत आमच्याकडे आली. वर्ध्याकडची बाई, जिभेला धार. माझी मुलगी मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. आईला त्याचा भारी राग. "काहून वो पोट्टे, मराठी बोलताना जीभ झडते काय तुही?" म्हणायची. हिंदी दुकानदाराशी बोलायची, परक्याशी बोलायची, घरच्या माणसाशी नाही — असा तिचा नियम. गोल बाजारात भांडीवाल्याशी फक्कड हिंदीत घासाघीस करायची आणि माझ्याकडे वळून वऱ्हाडीत त्याचा उद्धार करायची.

मग न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. गादी ओली व्हायला लागली. भाऊ फोनवर म्हणाला, ताई तू आहेस ना, मग मला काळजी नाही. त्याचा राग अजून आहे, पण तो राग मला इथे ढाल म्हणून वापरायचा नाही. लोकांना मी सांगितलं की नवऱ्याची कुरकुर होती. खोटं. नवरा रोज उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून थकून यायचा आणि माझ्याआधी आईची चादर तो बदलायचा. तो म्हणत होता, राहू दे इथेच. नको झालं होतं ते मला. तो वास, ती हाक, ते परत परत उठणं. मला माझं घर परत हवं होतं. बस. याच्यापलीकडे कारण नाही.

शहरात तेव्हा अंथरुणावरचं माणूस ठेवून घेणारी एकच बरी म्हणावी अशी संस्था होती. संचालिकेला सगळे दीदी म्हणत. मी आईला तिथे ठेवलं. कचेरीत सांगितलं नाही. आईचं आडनाव वेगळं, कोणाला कळणार? दीदींना मात्र मी कोण ते पक्कं ठाऊक होतं. आईला पुढच्या मोठ्या खोलीत, खिडकीजवळची खाट मिळाली. कुंपणच शेत खातं म्हणतात. मी तर शेतात खाट टाकून बसले होते.

आणि मग त्याच संस्थेची तपासणी आली. नाही म्हणता आलं असतं? आलं असतं. माझी आई तिथे आहे, मला यातून वगळा — एवढं एक वाक्य. ते बोलले नाही. उलट आदल्या दिवशी आईकडे गेले आणि तिला बजावलं, उद्या आम्ही येऊ तेव्हा ओळख दाखवू नकोस. आई म्हणाली, बरं.

उन्हाळा होता. दीदींनी हसत स्वागत केलं, पाणी आलं. पेल्याला बाहेरून थेंब सुटलेले — इतकं गार. मी पेला हातात घेऊनच त्या मोठ्या खोलीत गेले. आई खिडकीजवळ. तिने डोळे खाली घातले, सांगितल्याप्रमाणे.

तिच्या शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होत्या. त्याही विदर्भातल्या, त्यांचाही नवरा रेल्वेतला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची हिंदी पार सुटली होती. उरली होती ती लहानपणची वऱ्हाडी. मी नेहमीचं विचारलं, सब ठीक है अम्मा? त्यांची नजर माझ्या पेल्यावर. मग त्यांनी बऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"माय, दिवस कलला की पानी बंद करते. गादी वली होते म्हंते. मांगतलं त हात बांधते खाटेले. तू सांग न त्याईले."

मनगटावर त्यांच्या वळ होता. कापडाचा. जुन्यावर नवा.

खोलीत वऱ्हाडी कळणारी तीनच माणसं होती — शेवंताबाई, मी आणि आई. दीदी हसत होत्या. त्यांना कळलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे त्या फार लक्ष देऊन बघत होत्या. डॉक्टरसाहेबांनी मान वर केली.

"क्या कह रही हैं अम्मा?"

सांगू, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं? शेवंताबाई आल्या नाहीत. आईलाही संध्याकाळी पाणी मिळत नसेल, हेसुद्धा आलं नाही — हे मला नंतर कित्येकदा आठवून बघावं लागलं, पण नाही, नव्हतंच आलं. आलं ते एवढंच, की मी खरं सांगितलं तर ही संस्था बंद होईल. आणि आई घरी येईल.

"घर की याद आती है, बोल रही हैं," मी म्हणाले.

डॉक्टरसाहेब हळहळले. शेवंताबाईंच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, सबको आती है अम्मा. शेवंताबाईंनी माझं मनगट सोडलं नाही. त्यांना वाटलं, मी सांगितलं. मोठी माणसं ऐकून मान हलवतायत, पाठीवर हात ठेवतायत — त्यांना वाटलं, काम झालं. हसल्या हो त्या माझ्याकडे बघून. मीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली. आणि हातातलं पाणी? ते मी प्यायले. घसा कोरडा पडला होता ना माझा.

आईकडे पाहिलं तेव्हा ती पदराच्या काठावरची एक सुटलेला दोरा ओढत होती.

संस्था उत्तम ठरली. पुढच्या वेळी आईला भेटायला गेले तेव्हा शेवंताबाईंच्या खाटेवर दुसरीच बाई होती. कधी गेल्या, कशाने गेल्या, मी विचारलं नाही. विचारायची माझी प्राज्ञा नव्हती असं म्हणणार होते, पण तेही खोटंच. विचारायचंच नव्हतं.

मी आईच्या खाटेवर बसले. बरं वाटतंय का, म्हणून विचारलं. आईने दोन्ही हात जोडले.

"सब ठीक है, मैडम."

मला वाटलं, थट्टा करते आहे. मग वाटलं, तपासणीच्या दिवसाचंच सोंग अजून चालू आहे, म्हातारपणी डोक्यात बसलं असेल. मी म्हटलं, आई, मी आहे, आज कोणी नाही. आईने पुन्हा तेच म्हटलं. त्यानंतर माझ्याशी ती एक अक्षर मराठी बोलली नाही. परक्याशी हिंदी, हा तिचा नियम होता ना — तो तिने पाळला.

मी घरी सांगितलं, आईला विसर पडायला लागला. सगळ्यांना पटलं. पण मीच एकदा भावाचा फोन तिच्या कानाला लावून दिला, तर तिने त्याच्याशी चांगल्या दणदणीत वऱ्हाडीत गप्पा मारल्या, सुनेची, नातवंडांची नावं घेऊन चौकशी केली, आणि फोन मला देताना म्हणाली, "लीजिए."

तक्रार एका शब्दाची केली नाही तिने. कोणाकडे करणार होती? तपासायला येणारी तर मीच.

एकदा संध्याकाळी उशिरा गेले. तिचे ओठ फुटलेले होते. मी माझ्या पिशवीतली बाटली काढून तिच्या तोंडाजवळ नेली. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग प्यायली — घाईघाईने, हनुवटीवरून सांडत — आणि लगेच हाताने गादी चाचपून पाहिली, ओली तर झाली नाही ना.

म्हणजे आता मला कळलं होतं. आता न कळल्याचं सोंगही उरलं नव्हतं. मग मी काय केलं? बाटली पिशवीत टाकली, घरी आले, मुलीसाठी शिरा केला. आईला तिथून हलवलं नाही. दीदींना बोलले नाही. पुढच्या तपासणीलाही मी होते, आणि संस्था पुन्हा उत्तम ठरली. आई त्याच खाटेवर राहिली, शेवटपर्यंत.

शेवटाला दीदींचा फोन आला. भाऊ नागपूरहून गाडी काढून आला. येताना घरातला गंगाजलाचा सीलबंद गडू आणायला विसरला नाही. कितीतरी वर्षं देवघरात जपून ठेवलेला, याच वेळेसाठी. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी पडायला हवं, नाहीतर जीव अडकतो म्हणतात. सगळी धावपळ त्या पाण्याची. गडूचं झाकण निघेना, तर दीदींनी स्वतः सांडशी आणून दिली. खाटेभोवती आम्ही सगळे उभे. दिवस कललेला होता.

भावाने चमचा माझ्या हातात दिला. म्हणाला, ताई, तूच घाल, तूच केलंस तिचं सगळं.

मी घातलं.

ते आत गेलं नाही. ओठांच्या कडेने गालावर आलं आणि तिथून खाली गेलं. गादी ओली झाली.