पुढची पात

अमका समाज पुढे का गेला आणि तमका मागे का राहिला, यावर कोणी भाषण ठोकू लागलं की माझं डोकं फिरतं. मी स्वतः पुढे गेलेली बाई आहे. कशी गेले ते मला ठाऊक आहे.

आईने मला कापूस वेचायला शिकवलं ते तुराटीने, तुरीच्या वाळल्या काठीने. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आलेली पऱ्हाटीची ओळ. माझी पात मागे पडली की पोटरीवर सपकन तुराटी बसायची. रडायला थांबलं की दुसरी. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची, तर ती म्हणायची, रक्त कापसाला लागू देऊ नकोस. बाराव्या वर्षी मी गावातल्या सगळ्या बायांच्या पुढे होते. पोरीच्या हाताला देणगी आहे, असं लोक म्हणायचे. डोंबलाची देणगी!

पन्नास सालानंतर एक-दोन वर्षांनी लग्न होऊन मी सेलूकडच्या एका गावात आले. मोठी जाऊ आणि मी एकाच शेतात वेचणीला जायचो. तिथे एका बाजूला आम्ही गावच्या बाया आणि पार दुसऱ्या टोकाला जंगलाकडून आलेल्या गोंड बाया असायच्या. आमची रीत अशी, की जिची पात आधी संपेल तिने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून मागे राहिलेलीची टर उडवायची. त्यांच्यात जिची संपेल ती परत फिरायची, मागच्या बाईची पात समोरून धरायची, आणि सगळ्या एकदमच धुऱ्यावर यायच्या. मालकाच्या दिवाणजीला ते पाहून संताप यायचा. ही आळशी जात जन्मभर मागेच राहणार, म्हणायचा, आणि हातातला बैल हाकायचा कोरडा फटकारायचा. आम्ही फिदीफिदी हसायचो.

मग एका सकाळी त्याने हुकूम काढला, की आज जी शेवटी राहील तिने उद्यापासून शेतात पाय ठेवायचा नाही. जाऊबाईंना सातवा महिना होता. भासरे, म्हणजे त्यांचा नवरा, तापाने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे जाऊबाईंचं काम सुटणं म्हणजे चूल विझणं. त्यांनी मला बजावलं, की आज माझ्या सोबतीनं राह्यजो. मी हो म्हटलं.

पण पात धरली आणि माझ्या पोटऱ्या आपोआप आक्रसल्या. मी सुटलेच. दुपारपर्यंत जाऊबाई पन्नास हात मागे पडल्या. दिवाणजी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मग कोरड्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरा, आणि जाऊबाईंनी माझं नाव घेऊन हाक मारली. मी वळले नाही. खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने माझे हात आणखी झपाझप चालू लागले.

गोंड बाया मात्र पाती टाकून अख्खं शेत तुडवत धावल्या. एका म्हातारीने दिवाणजीच्या मनगटाचा लचका तोडला, दुसरीने कोरडा हिसकला, बाकीच्यांनी त्याला ढेकळांत लोळवून तोंडात माती कोंबली. तो गुरासारखा ओरडत होता. आमच्यातली एकही जागची हलली नाही. मी तोवर पात संपवून धुऱ्यावर बसले होते. सगळ्यांत आधी.

जाऊबाईंना त्यांनीच उचलून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी पोट पडलं. मुलगी होती. दिवाणजीने गोंड बायांना शेतातून हाकललं, जाऊबाईंचं काम बंद केलं आणि मला टोळीची मुकादम नेमलं.

ते कळलं त्या संध्याकाळी जाऊबाई अंथरुणातून उठून माझ्याजवळ आल्या.

"माही हाक तुले आयकू आली नाई काय?"

"नाई आली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या झिंज्या धरल्या आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, किती वेळा ते आठवत नाही. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं. मी हात आडवा घातला नाही. शेवटी त्याच थकून खाली बसल्या.

"मंग त्या बायाईले कशी आली?" त्या म्हणाल्या. "त्या तं तुह्याहून दूर होत्या."

मी तोंड धुतलं, कपाळाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेतात पोचले.