मारबतीची मोटार

मनसाराम ड्रायव्हरच्या मोटारीला आमचं गाव हसायचं, आणि कोणी आजारी पडलं की तिच्यातच बसायचं.

चांदा-मूल रस्त्यावर सरकारी मोटारी सुरू झाल्या तेव्हा त्याच्या मालकाने धंदा गुंडाळला आणि ती जुनी मोटार त्याच्या गळ्यात बांधून मोकळा झाला. मनसारामला ना बायको, ना घर. त्याने मागची बाकं उपटली, खाट टाकली, चूल मांडली, दाराशी डब्यात तुळस लावली. उन्हाळाभर आठवडी बाजारांना माणसं-पोती नेत चिमूर-ब्रह्मपुरीकडे फिरायचा. पावसाळा लागला की आमच्या तलावाच्या पाळीवर येऊन थांबायचा. लोक म्हणत, काय मजेचं जगणं! मजा कसली डोंबलाची? पत्र्यावर पाऊस बडवत असताना एकट्याने भात गिळायचा. त्याला गावात घर बांधायला जागा हवी होती, बस.

गावच्या जमिनीवरची मालगुजारी कायद्याने गेली तरी गुणवंतराव आमचे मालगुजारच होते, जागा द्यायची ती त्यांनीच. मनसारामने मागितली की दर वेळी म्हणायचे, "देऊ ना बे. पळून जाऊन राह्यली का जागा?"

एका पावसाळ्यात हगवणीने गावातली पोरं दगावली. मनसाराम आजाऱ्यांना चांद्याच्या दवाखान्यात पोचवत राहिला. मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावाची पीडा मारबतीच्या बाहुलीवर घालून तिला शिवेबाहेर टाकतात. त्या वर्षी ठरलं, नुसतं शिवेबाहेर टाकून भागायचं नाही, तिला नदीपार घालवायची. गुणवंतराव स्वतः पाळीवर आले.

"मनसाराम, तुया मोटारीत घालून ने तिले. गावचाच माणूस होय तू. वापस आला का जागा दाखवतो."

गावचा माणूस! एवढ्यावर तो पाघळला. मोटार धुतली, आंब्याची पानं बांधली. आता घर होणारच म्हणून तुळशीचा डबा सुकरीबाईच्या अंगणात ठेवला. ही म्हातारी त्याला अधूनमधून तलावातली मासळी द्यायची. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोकांनी बाहुली अन् घराघरांतली पीडा झाडलेल्या पळसाच्या फांद्या त्याच्या खाटेशेजारी कोंबल्या.

दुपारी तो परतला, तर शिवेवर राखेची रेघ ओढून गाव उभं.

"पुढं नको येऊ," गुणवंतराव म्हणाले. "मारबत नेली ते गाडी गावात येत नाई."

"काऊन भाऊ? तिले तर नदीपार टाकून आलो मी."

"त्या गाडीतच झोपते ना तू? मंग तू बी नाई."

"अन् जागा?"

"जागा गावच्या माणसाले देतेत."

तो म्हणाला, "बरं. माही तुळस तरी द्या."

सुकरीबाई डबा घेऊन निघाली, तर तिच्या लेकाने, गोविंदाने, तिचा हात धरला. "रेघ वलांडली तर तू बी बाहेरच." याच गोविंदाचं पोर मनसारामने चांद्याला नेऊन वाचवलं होतं. उपकाराची फेड अशी करतात आमच्याकडे.

दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मोटार वळवायला जागा नव्हती. त्याने ती तशीच मागे मागे नेली, तोंड शेवटपर्यंत गावाकडे ठेवून. मारबत गेली की तिच्याकडे पाहायचं नसतं, म्हणून गावाने पाठ फिरवली. रीत अगदी नीट पाळली.