आत्याबाईंची सकाळची गोळी

अगं भाचीबाई, अशी पाहुण्यासारखी उंबऱ्यात काय टेकलीस? ये, जवळ बस. इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस आणि डोळा सगळा घड्याळावर! आणि मघाशी सहज म्हणून गेलीस, जुन्या बायका अडाणी, औषधंच घ्यायच्या नाहीत. बाई गं, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आता ऐकूनच जा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कोरेगावाकडं माझं सासर. आमचे हे पलटणीत, घरात मी, मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्याबाईंना दम लागायला लागला. पाय सुजले. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायच्या. साताऱ्याला डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय. मीठ कमी करा आणि ही गोळी रोज सकाळी घ्या, लघवीवाटे पाणी निघून जाईल.

गोळ्या आल्या, पण सूज काही हलेना. पुन्हा नेलं तर डॉक्टर सगळ्यांदेखत कडाडले, "गोळी घेता का नाही? मरायचंय का?" आत्याबाईंनी मान खाली घातली. मामंजी म्हणाले, "आवं डाक्टर, हिला औषधाचं लय वावडं. अंगारा द्या, त्यो खाईल." आणि दोघंही हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

घरी आल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा." त्यांनी पदराची गाठ सोडली. आत सगळ्या गोळ्या तशाच.

"अगं, ही घेतली की घडीघडीला जावं लागतंय. दिसाउजेडी जाऊ कुठं? तुझ्या डोक्यावर?"

कळलं का? बायकांनी ओढ्याकडं जायचं ते पहाटे अंधारात, नाहीतर दिवेलागणीनंतर. दिवसा त्याच वाटेवर, पारावर बापये बसलेले. भर दिवसा तिकडं निघालेली बाई म्हणजे निलाजरी. संध्याकाळी गोळी घ्यावी तर रात्री विंचूकाटा, कुत्री आणि वर हा दम. आम्ही सगळ्याच दिवसभर तहान मारून राहायचो. बाप्यांना मात्र कुठलाही बांध चालायचा! आणि अडाणी कोण, तर आत्याबाई. डॉक्टरनं मिठाचं विचारलं, लोणच्याचं विचारलं, पण 'बाई, तुमची जायची सोय काय' हे एकदा तरी विचारायचं!

मी मामंजींना म्हटलं, गोठ्यामागं आडोसा करा. ते उसळलेच. "घराला लागून घाण? घरात देव हायत. लोकं तोंडावर थुकतील."

"मामंजी, गोठ्यात म्हशी मुतत्यात, तवा देव कुठं जात्यात?"

आत्याबाई आत खोकल्यासारखं हसल्या. मामंजी वहाणा घालून निघून गेले आणि त्या दिवशी माझ्या हातचं जेवले नाहीत. नका जेवू म्हटलं!

मीच खड्डा खणला, मेढी रोवल्या, भोवती उसाचं पाचट बांधलं. शेजारीण नाकाला पदर लावून आली. "सुनंनं सासूला राजवाडा बांधला गं!"

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. आन् उद्या तूच चोरून येशील, तवा आधी हाळी दे."

आलीच की ती! मग तिच्यामागनं बाकीच्या.

गोळी सुरू झाली तशी पायाची सूज उतरली, जोडवी सैल झाली. आत्याबाई पाठ टेकून झोपायला लागल्या. त्या पुढं काही वर्षं जगल्या. गावात मात्र मामंजींच्या तोंडी एकच, डाक्टरच्या हाताला गुण हाय!

तुझ्या थोरल्या मावशीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सांगलीकडं दिलेली. तिला हेच दुखणं होतं. ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली गोळ्या तशाच सापडल्या. सासरचे म्हणाले, हट्टी होती. हट्टी! तिला कुणी काही विचारलंच नाही गं.

आता तुझ्या आईचे पाय सुजतात, डॉक्टरनं तिलाही गोळी दिलीय, असं कानावर आलंय. विचारलं तर ती तुलाही 'घेते की गोळी' म्हणूनच सांगेल. तिच्यावर ओरडू नकोस. तिला माझ्याकडं घेऊन ये. दोघी बहिणी बसून बोलू, मला ती सांगेल. पण लवकर ये बाई, या आठवड्यातच ये.